चैत्रात गळ कसा टाकावा

मोठ्या नदीवर वसंत ऋतूत मासे कसे धरावेत, या विषयावर परदेशात कपाटे भरतील इतकी पुस्तके आहेत. सगळ्यांचा मथितार्थ एकच. डोंगरावरचा बर्फ वितळतो, नदी चढते, पाणी दहा-बारा अंशांवर आले की हिवाळाभर तळाशी निपचित पडलेला मासा भुकेजून वर येतो, आणि छातीपर्यंत रबरी बूट चढवलेला एक सद्गृहस्थ कमरेइतक्या पाण्यात त्याच्या स्वागताला उभा असतो. छत्रपती संभाजीनगरच्या हौशी मंडळींनी हे सगळे मोबाइलवर पाहिलेले आहे. काहींनी बूटही मागवले आहेत. आता फक्त बर्फ, चढते पाणी आणि भुकेला मासा एवढ्याच गोष्टींची कमतरता आहे. त्यांच्यावाचून काम कसे निभवावे, हे पुढे सांगितले आहे.

नदीची मात्र कमतरता नाही. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी 1465 किलोमीटर वाहते आणि लांबीत देशात गंगेखालोखाल येते. हे 'खालोखाल' पैठणच्या घाटावर बोलू नये. तिथे तिलाच गंगा म्हणतात. शहरापासून पैठण पन्नासेक किलोमीटर. परंतु तिथे पोचल्यावर वसंतात जायकवाडी धरणाच्या खालच्या अंगाला नदी शोधत बसू नये. नाथषष्ठीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी वरून पाणी सोडतात, तेवढ्यापुरती ती दिसते. एरवी ती धरणाच्या वरच्या बाजूला, नाथसागर या नावाने मुक्कामाला असते.

पाणी

परदेशी मार्गदर्शक पाण्यात तापमापक बुडवायला सांगतात. आपण वर्तमानपत्र उघडावे. त्यात रोज 'जायकवाडी' या शब्दापुढे टक्क्यांचा एक आकडा छापलेला असतो. तो आपला तापमापक.

हा टक्का नीट समजून घ्यावा, कारण यात नवखे फसतात. धरणाची एकूण क्षमता 2909 दशलक्ष घनमीटर. त्यातला 2171 दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास, हा जिवंत साठा. उरलेला 738 दशलक्ष घनमीटर, सुमारे 26 टीएमसी, हा मृत साठा. छापलेला टक्का फक्त जिवंत साठ्याचा असतो. म्हणून 2016 च्या उन्हाळ्यासारख्या वर्षी तो शून्याच्या खाली उतरतो आणि धरणात उणे टक्के पाणी आहे असे वाचायला मिळते. उणे टक्के पाण्यात मासा कसा धरावा, याचा उल्लेख कुठल्याही परदेशी पुस्तकात नाही. आपल्याकडे तो दर दुष्काळात धरला जातो. किंबहुना पाणी आटून मासा एका डबक्यात कोंडला गेला की तो धरायला फार अक्कल लागत नाही. पुढच्या वर्षी तिथे मासा कुठून येणार, या प्रश्नाला मात्र लागते.

आता नाथसागराचा आकार पाहा. भरल्यावर त्याचा पसारा साधारण 350 चौरस किलोमीटर. एकूण पाण्याला या पसाऱ्याने भागले की सरासरी खोली निघते आठ-साडेआठ मीटर. एखाद्या विहिरीची खोली आणि तालुक्याएवढी रुंदी, असा हा ऐवज आहे. याचे वसंतात दोन परिणाम होतात. एक, पाणी उडते. साठा ओसरून पसारा दोनशे चौरस किलोमीटरवर आला आणि कडक उन्हात रोज आठ मिलिमीटरचा थर उडाला असे धरले, तर दिवसाला सोळा लाख घनमीटर पाणी कोणाचीही परवानगी न घेता आभाळात जाते. दुसरा परिणाम असा की पाणी एक हात उतरले तरी काठ कितीतरी लांब पळतो. मागच्या रविवारी हेरून ठेवलेली जागा पुढच्या रविवारी कोरडी असते आणि तिच्यात कोणीतरी काकडी लावलेली असते. या उघड्या पडलेल्या जमिनीला गाळपेर म्हणतात. तिथून चालताना पिकावर पाय देऊ नये, पाण्याच्या मोटारींच्या वायरींना हात लावू नये, आणि पळत्या पाण्याला मोटारीपर्यंत आणण्यासाठी शेतकऱ्याने खणलेला चर हा गोदावरीचा अज्ञात प्रवाह आहे असे समजून त्यात गळ टाकू नये.

परदेशात पाणी का चढले, याचे उत्तर बर्फाच्या थरात असते. नाथसागरात पावसाळा कमी पडला तर ते कायद्याच्या थरात शोधावे लागते. वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली धरणे आहेत. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातून समन्यायी पाणीवाटप आले, मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये त्याची कोष्टके दिली, 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाटपाच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून ढोबळ नियम असा की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल, तर वरच्यांनी खाली सोडायचे. 2023 मध्ये 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरच्या अखेरीस निघाला आणि पाणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघाले. वाटेत नदीचे कोरडे पात्र जे पिऊन टाकते ते वेगळेच. तेव्हा चैत्रात किती पाण्यात गळ टाकायचा आहे, हे ज्याला आधीच जाणून घ्यायचे असेल त्याने दिवाळीच्या सुमारास न्यायालयाच्या बातम्या वाचाव्यात. 2024 सारख्या वर्षी, म्हणजे सप्टेंबरात धरण भरून दरवाजे उघडावे लागले असता, हा अभ्यास माफ आहे. पण मग उन्हाळी आवर्तनाकडे लक्ष ठेवावे. डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. दोन्ही सुटले की काठावर बसल्या बसल्या पाणी मागे सरकताना दिसते.

शहराचा वाटा विसरू नये. आपण पितो ते पाणी याच जलाशयातून येते. जुन्या दोन जलवाहिन्या 700 आणि 1400 मिलिमीटर व्यासाच्या. नवी अडीच मीटरची आहे, म्हणजे तिच्यातून एखादा वयस्क कटला सहकुटुंब शहरात येऊ शकेल. आलाच तर त्याने कोणत्या वसाहतीत पाणी किती दिवसांआड येते याची आधी चौकशी करावी. वापरून झालेले पाणी आपण खाम नदीच्या वाटेने पुन्हा नाथसागराकडे रवाना करतो. घेतलेले परत करण्याची ही पद्धत शहरात अन्य कुठल्याही व्यवहारात आढळत नाही. खामच्या मुखाशी गळ टाकू नये, एवढे सांगून पुढे जातो.

मासा

परदेशी पुस्तकातला मासा वसंतात विणीला येतो, म्हणून भुकेला असतो, म्हणून गळाला लागतो. आपल्या रोहू, कटला आणि मृगळ यांनी हे पुस्तक वाचलेले नाही. त्यांचा वसंत आषाढात येतो. पहिला दमदार पाऊस पडून नदीला गढूळ, चढते, वाहते पाणी आल्याशिवाय त्यांना संसाराची आठवण होत नाही, आणि साठलेल्या पाण्यात तर ते अंडी घालायलाच तयार नसतात. त्यांच्या या हट्टापायी देशातल्या मत्स्यशेतीचे घोडे कित्येक वर्षे अडले होते. शेवटी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून त्यांना तयार केले. आज जलाशयात सोडतात ते मत्स्यबीज त्याच सुईच्या कृपेने मिळते. सांगायचा मुद्दा, चैत्रात ज्या माशाला निसर्ग हलवू शकत नाही, त्याला आपली कणकेची गोळी हलवील असा भरवसा धरू नये.

वसंताचा मान राखणारा मासा नाथसागरात आहे, पण तो बाहेरचा. सायप्रिनस. त्याला वाहते पाणी लागत नाही, पुराची वाट पाहावी लागत नाही. जानेवारी ते मार्च हा त्याचा एक हंगाम असतो आणि पावसाळ्यात तो पुन्हा एकदा तोच उत्साह दाखवतो. दुसरी पाहुणी आफ्रिकेची चिलापी. तिला ऋतूच मान्य नाहीत, ती बारमाही प्रसवते. तेव्हा गुढीपाडव्याच्या सुमारास आपल्या गळाला काही लागलेच तर ते बहुधा परदेशी असेल. फोटो काढताना तोंडावर मराठवाड्याचा अभिमान ठेवावा, माशाकडे फार बोट दाखवू नये.

स्थानिकांची बसण्याची व्यवस्था पाठ करून ठेवावी: कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. मरळ झाडोऱ्याच्या आडोशाने राहते आणि हवाही घेते, त्यामुळे पाणी बिघडले तरी तिचे फारसे बिघडत नाही. वाम आणि शिंगाडा चिखलाजवळ. हे मांडलेले पान उन्हाळ्यात मोडते. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे अकरा मिलिग्रॅमच्या पुढे प्राणवायू विरघळतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. शिवाय रात्रभर शेवाळ तो ओढत राहते, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. अशा वेळी मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करताना दिसला, तर तो आपल्या गळाची चौकशी करतो आहे असा समज करून घेऊ नये. त्याला श्वास लागला आहे.

मुहूर्त

हा भाग सर्वांत अवघड आहे. दिवसातली वेळ ठरवणे सोपे: सूर्य उगवायच्या आत पोचावे आणि नऊच्या आत उठावे. त्यानंतर पारा चाळिशीकडे निघतो, आणि दुपारी वारा सुटला की एवढ्या उघड्या पाण्यावर लाटा उठतात. त्या वेळी होडीत बसण्याचा हट्ट समुद्रावर जाऊन पुरवावा. वळवाचे ढग दिसले तर ओली काठी हातात धरून उघड्या माळावर उभे राहणारा एकमेव उंच प्राणी आपण आहोत, हे लक्षात घ्यावे.

खरा प्रश्न वाराचा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार आणि शुक्रवार ज्याच्या त्याच्या कुलदेवतेवर, आणि त्याबाबत घरातल्या ज्येष्ठांचा शब्द अंतिम. राहिले बुधवार आणि रविवार. त्यातून पाडव्यापासून रामनवमीपर्यंतचे नवरात्र वजा करा, पौर्णिमेची हनुमान जयंती वजा करा, दोन एकादशा आणि एक संकष्टी वजा करा, आणि ज्या लग्नांना गेलेच पाहिजे ती सगळी वजा करा. उरलेल्या बुधवारी कचेरी असते. उरलेल्या रविवारी निम्मे शहर नाथसागरावर असते, निम्म्याने सोबत स्पीकर आणलेला असतो.

मग पावसाळ्यातच का जाऊ नये, असे कोणी विचारील. तेव्हा मासा हलतो, चरतो, प्रवाहावर चढतो, सगळे खरे. पण तेव्हा आषाढी असते, चातुर्मास बसतो, पाठोपाठ श्रावण येतो. मधल्या फटीत आखाड साजरा होतो, आणि आपले लोक त्या एका पंधरवड्यात वर्षाचा हिशेब पुरा करतात. नेमका तेव्हाच रोहू अंड्यावर असतो. पंचांग करणाऱ्यांनी माशाचा विचार केला नव्हता असे म्हणतात. मला तर श्रावण पाळण्याची कल्पना एखाद्या शहाण्या भोयाच्या घरातून निघाली असावी असा दाट संशय आहे.

साहित्य

बांबूची काठी, तंगूस, गळ, शिशाचा तुकडा, तरंगायला थर्माकोलचा किंवा मोराच्या पिसाच्या देठाचा तुकडा. आमिषाला गांडूळ, नाहीतर शेंगदाण्याची पेंड आणि कणीक एकत्र मळून केलेली गोळी. एवढ्यात काम होते, म्हणून हौशी माणसाला ते पटत नाही. त्याने चमकणारे रीळ आणि स्ट्रॉबेरीच्या वासाचा रबरी किडा मागवावा. मासा त्याला तोंड लावणार नाही, पण काठावर संभाषण सुरू व्हायला तो किडा उपयोगी पडतो. संभाषणाचा नमुना पाठ करून जावा:

"मामा, मासा लागतोय का?"

"लागतोय की."

"कुठं?"

"जाळ्यात."

यापुढे मामा रबरी किडा हातात घेऊन उलटसुलट पाहतील आणि विचारतील, "आन् मासळीला ठावं हाय का, हे खायचं असतंय म्हणून?" याला उत्तर नाही. नम्रपणे बिस्किटाचा पुडा पुढे करावा.

तराफ्याबद्दल एक सूचना. थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेला तराफा पाहून हौशी मंडळींना साहसाची हुक्की येते. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुले अशाच तराफ्यावरून धरणाचा फुगवटा ओलांडून शाळेत जात. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ज्या वाहनातून शाळेला जाण्यावर न्यायालयाला बोलावे लागले, त्यावर सुटीच्या दिवशी हौसेने बसू नये. रबरी बूट घालून पाण्यात उतरणे हा त्याहून वाईट बेत आहे. पाच दशकांचा गाळ खाली साठलेला आहे, तो माणूस गिळतो आणि बूट ठेवून घेतो. जीवरक्षक जाकीट घालावे, लोक हसले तरी. आणि तुटलेला तंगूस गुंडाळून खिशात घालून घरी आणावा. काठावर टाकलेला तंगूस पक्ष्यांच्या पायात अडकतो.

प्रतिस्पर्धी आणि परवानगी

पाणकावळे टोळीने येतात, बुडी मारतात आणि मासा घेऊनच वर येतात. खंड्या एकट्याने तेच करतो. बगळा काहीच न करता उभा राहतो, आणि हौशी माणसाने फक्त त्याचे अनुकरण करावे, तेवढेच जमण्यासारखे आहे. रोहित पक्षी माशांच्या वाटेला फारसे जात नाहीत, तेव्हा त्यांच्याशी वैर नको. वैर परवडणारेही नाही, कारण 1986 पासून जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे. पाणी जलसंपदा विभागाचे, पक्षी वन विभागाचे, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे आणि ते धरण्याचा हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थांचा. आपल्या वाट्याला काठ येतो, आणि तोही गाळपेरीचा. तेव्हा गळ टाकण्याआधी तिथे तो चालतो का, हे संस्थेच्या माणसाला आणि वनरक्षकाला विचारावे. धरणाची भिंत, दरवाजे आणि वीजगृह यांच्याजवळ तर काठी घेऊन फिरकूही नये.

लालबहादूर शास्त्रींनी 18 ऑक्टोबर 1965 रोजी या धरणाची पायाभरणी केली आणि इंदिरा गांधींनी 24 फेब्रुवारी 1976 रोजी उद्घाटन, तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. शंभराहून अधिक गावांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या. ज्यांच्याकडे होडी चालवण्याची विद्या होती, त्या भोई आणि काहार कुटुंबांनी पाणी हेच शेत मानले. ती माणसे संध्याकाळी जाळी लावतात आणि अंधार असतानाच उचलायला निघतात. आपण भल्या पहाटे म्हणून पोचतो, तेव्हा त्यांचा कामाचा दिवस उताराला लागलेला असतो. त्यांनी कधी मार्गदर्शन लिहिले नाही. लिहिले असते तर वरची सगळी पाने वाचली असती.

या पाण्यावर आता आणखी एक पीक यायचे आहे. नाथसागरावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प आखलेला आहे. त्याविरुद्ध काहार समाजाची संघटना राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने 2024 मध्ये अर्ज फेटाळला आणि 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. सौरपट्ट्यांच्या सावलीत मासा बसेल की नाही, पाणी कमी उडेल की नाही, यावर तज्ज्ञ बोलतील. जाळे टाकायला किती पाणी मोकळे राहील, एवढेच मामांना विचारायचे आहे.

अशा सर्व स्थितीत चैत्रातल्या रविवारी हौशी माणसाने निश्चित यश कसे मिळवावे, ते सांगून थांबतो. गळ टाकून झाल्यावर, साधारण साडेआठला, जिथे होड्या लागतात तिथे जावे. मोठा माल तोवर बर्फात घालून रवाना झालेला असतो. राहिलेल्यातून रोहू निवडावा, कल्ला उघडून लाल आहे का पाहावे, आणि तिथेच साफ करून घ्यावा. या दिवसांत जाळे हलके निघते, म्हणून भाव चढा सांगतील. घासाघीस करू नये.